जोडीदाराविषयीची ओढ नेमकी कशाने जागते?

मध्यान्ह (धागाकर्ता)

"आमचे एकमेकांवर प्रेम आहे, भांडणे फारशी नाहीत, विश्वासही आहे, पण जवळ यावेसे वाटत नाही," ही तक्रार सहजीवनाविषयीच्या चर्चांमध्ये वारंवार आढळते आणि तिला मिळणारी उत्तरेही ठरावीक असतात. कुणी चार दिवस बाहेरगावी जाऊन येण्यास सुचवतो, कुणी पेहरावात बदल करण्याचा सल्ला देतो, तर कुणी "इतक्या वर्षांनंतर असेच व्हायचे" असे म्हणून विषय मिटवून टाकतो. या सगळ्या उत्तरांमागे एक समजूत आहे. ओढ ही मुळात आपोआप असते किंवा नसते, आणि नसेल तर बाहेरून काहीतरी आणून ती चेतवावी लागते, अशी ती समजूत. मला ती तपासून पाहावीशी वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली अडचण अशी की बहुतेक जोडपी नात्याच्या सुरुवातीच्या काळालाच मापदंड मानतात. त्या काळात समोरची व्यक्ती मनातून हटत नाही, तिने उच्चारलेल्या साध्या शब्दाचाही दहा प्रकारे अर्थ लावला जातो आणि भेट लांबली तर जीव कासावीस होतो. डोरोथी टेनोव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये या अवस्थेचे तपशीलवार वर्णन केले, तेव्हा त्यांनी एका गोष्टीवर विशेष भर दिला होता: हा ध्यास आशा आणि अनिश्चितता यांच्या मिश्रणावर जगतो. समोरच्याचा होकार पूर्णपणे पक्का झाला, किंवा नकार पूर्णपणे पक्का झाला, तर तो ओसरू लागतो. हे खरे मानले तर सुखाने एकत्र राहणाऱ्या जोडप्याने त्या दिवसांची वाट पाहणे म्हणजे आपलेच नाते पुन्हा बेभरवशाचे व्हावे अशी इच्छा धरण्यासारखे आहे, आणि ते कुणालाही नको असते.

रॉय बॉमायस्टर आणि एलेन ब्रात्स्लाव्स्की यांनी १९९९ मध्ये मांडलेली एक कल्पना मला याहून अधिक उपयोगी वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार उत्कटता ही जवळीक किती आहे यावर अवलंबून नसून, ती किती वेगाने वाढत आहे यावर अवलंबून असते. नव्या नात्यात रोज काहीतरी नवे कळते, रोज एखादा आडपडदा दूर होतो, म्हणून उत्कटता शिगेला असते. पुढे जवळीक भरपूर असते, परंतु ती वाढत नसल्यामुळे अंगावर काटा येत नाही. म्हणजे "प्रेम आहे पण ओढ नाही" या तक्रारीत अंतर्विरोध मुळीच नाही. त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि एक भरपूर असताना दुसरी कमी असू शकते.

माझा प्रश्न असा आहे, की जवळीक स्थिरावल्यानंतर ओढ जागण्याचे मार्ग कोणते उरतात? स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित, भिन्नलिंगी-समलिंगी असा भेद न करता लिहावे, आणि शक्यतो नैतिक उपदेश टाळावा, ही विनंती.

अक्षरयात्री

धागाकर्त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या हे योग्य झाले. मी आणखी एक गाठ सोडवू इच्छितो, कारण माझ्या मते या विषयातील निम्मे दुःख एका जुन्या आराखड्यातून आलेले आहे.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९६६ मध्ये लैंगिक प्रतिसादाचे चार टप्पे मांडले: उत्तेजना, पठारावस्था, परमोच्च बिंदू आणि शिथिलता. या चार टप्प्यांत इच्छेला स्थानच नव्हते, कारण प्रयोगशाळेत आलेल्या व्यक्तींना इच्छा आहे हे धरूनच चालले होते. पुढे सत्तरच्या दशकात हेलन सिंगर कॅप्लन यांनी उपचारासाठी येणाऱ्या लोकांकडे पाहून सांगितले, की अनेकांची अडचण शरीराच्या प्रतिसादाची नसून त्याच्याही आधीची आहे, आणि म्हणून त्यांनी इच्छा हा पहिला टप्पा जोडला. त्यामुळे मोठी सोय झाली खरी, पण आधी इच्छा, मग उत्तेजना, असा सरळ रेषेतला क्रमही लोकांच्या डोक्यात पक्का बसला. ज्याच्या बाबतीत हा क्रम लागत नाही, त्याला आपल्यातच काही कमी आहे असे वाटू लागले.

रोझमेरी बॅसन या कॅनडातील डॉक्टरांनी २००० मध्ये हा क्रम उलटाही असू शकतो असे दाखवून दिले. त्यांची मांडणी मुख्यतः स्त्रियांविषयी होती. दीर्घकाळच्या नात्यातील अनेक स्त्रिया सुरुवातीला इच्छा अशी घेऊन येतच नाहीत. त्या तटस्थ असतात. जवळ यावे, एकमेकांशी जोडलेले वाटावे, अशा काही कारणाने त्या जवळिकीला वाव देतात, स्पर्श आणि लक्ष मिळाल्यावर शरीर प्रतिसाद देऊ लागते, आणि त्यानंतर इच्छा जागी होते. एकीकडे अचानक, कारणाशिवाय उसळणारी इच्छा आणि दुसरीकडे प्रतिसादातून जागणारी इच्छा, असे हे दोन प्रकार आहेत, आणि दुसरा प्रकार पहिल्याची निकृष्ट आवृत्ती नाही. पुरुषांतही तो आढळतो, केवळ त्याविषयी बोलण्याची त्यांना लाज वाटते.

आता "कशाने जागते" या प्रश्नाकडे येतो. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील किन्से संस्थेतील जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन यांनी मांडलेले दुहेरी नियंत्रणाचे प्रतिमान मला सर्वांत जास्त पटते. प्रत्येक माणसात उत्तेजन देणारी एक यंत्रणा आणि आवर घालणारी दुसरी यंत्रणा अशा दोन स्वतंत्र यंत्रणा असतात आणि त्यांची संवेदनशीलता माणसागणिक वेगळी असते. वाहनाचा वेग वाढवणारा खटका आणि त्याचा ब्रेक, असे समजले तरी चालेल. लोक वर्षानुवर्षे पहिल्याच खटक्यावर पाय दाबत राहतात, मग तो नवा पेहराव असो, प्रवास असो की मंद प्रकाश असो, आणि ब्रेक दाबलेला आहे याकडे कुणाचे लक्ष जात नाही. या संशोधकांनी पुरुषांसाठी तयार केलेल्या प्रश्नावलीत आवर घालणारी कारणे दोन गटांत विभागली गेली: आपण कमी पडू ही भीती, आणि परिणामांची भीती, म्हणजे नको असलेली गर्भधारणा, आजार, कुणाला कळणे वगैरे. यात थकवा, शरीराविषयीचा संकोच, न मिटलेला वाद, भिंतीपलीकडे कुणीतरी जागे असल्याची जाणीव, यांची भर घातली की बहुतेक घरांचे चित्र पुरे होते.

म्हणून "काय केल्याने ओढ जागेल" हा प्रश्न मी सहसा दुसऱ्या बाजूने विचारतो: ती कशामुळे दबून राहिली आहे? हा प्रश्न नीरस आहे, हे मान्य. तथापि उत्तरे बहुधा त्यातच सापडतात.

रानवारा

अक्षरयात्री, आपला प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मला त्यात एक धोका दिसतो. "इच्छा नंतर येते" हे विधान ज्याला घाई आहे त्याच्या हाती पडले, तर त्याचा अर्थ "तू आधी हो तर म्हण, इच्छा मागाहून येईलच" असा केला जाईल. नको असताना केवळ समोरच्याचे तोंड उतरू नये म्हणून होकार देणाऱ्या व्यक्तीला हे शास्त्र आणखी एक ओझे वाटणार नाही का?

अक्षरयात्री

रानवारा, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

तटस्थ असणे आणि नको असणे या दोन अवस्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. बॅसन यांची मांडणी पहिलीविषयी बोलते, दुसरीविषयी नाही. तटस्थ व्यक्तीच्या मनात "पाहू या, बरे वाटले तर पुढे जाऊ, नाही तर थांबू" असे असते. आणि थांबलो तरी काही बिघडणार नाही, याची खात्री असणे ही त्यातील अत्यावश्यक अट आहे. ती खात्री नसेल तर प्रतिसादातून इच्छा जागत नाही, उलट आवर घालणारी यंत्रणाच बळकट होते. एमी म्यूज, एमिली इम्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत हे स्पष्टपणे दिसते. काहीतरी चांगले अनुभवण्यासाठी, जोडीदाराच्या अधिक जवळ जाण्यासाठी शरीरसंबंध ठेवणाऱ्यांमध्ये इच्छा आणि समाधान अधिक आढळले. तर भांडण टळावे, समोरचा रुसू नये, आपल्याला अपराधी वाटू नये, अशा कारणांसाठी ठेवणाऱ्यांमध्ये दोन्ही कमी आढळले. विशेष म्हणजे हा परिणाम होकार देणाऱ्यापुरता मर्यादित न राहता जोडीदारापर्यंतही पोहोचला. म्हणजे ओढूनताणून दिलेला होकार ज्याच्यासाठी दिला, त्यालाही पुरेसे सुख देत नाही.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एक जण ओट्यापाशी उभा राहून भांडी विसळत आहे. दुसरा मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो. पहिल्याचे खांदे किंचित आखडतात, हात क्षणभर थांबतात, आणि "हे एवढे आवरते" किंवा "आवरतो" असे काहीतरी बोलले जाते. त्या स्पर्शात वाईट काहीच नव्हते. परंतु त्या घरात गेल्या काही काळापासून प्रत्येक स्पर्शाचा शेवट एकाच मागणीत होत आला आहे, त्यामुळे स्पर्श हा आता स्पर्श राहिलेला नसून तो एक प्रश्न झाला आहे आणि त्याचे उत्तर देणे भाग आहे. जिला किंवा ज्याला ते उत्तर नकाराचे द्यावे लागेल, ती व्यक्ती मग प्रश्नच येऊ नये म्हणून सोफ्यावर थोडे अंतर ठेवून बसते, झोपायला उशिरा जाते, निरोपाचे चुंबनही आटोपते घेते. हळूहळू ज्या लहानसहान स्पर्शांतून प्रतिसादाची इच्छा जागू शकली असती, तेच नाहीसे होतात. अशा जोडप्याला कुणी नवा पेहराव सुचवला तर काय उपयोग होणार?

लैंगिक समुपदेशक अनेकदा काही काळासाठी शरीरसंबंध पूर्णपणे बाजूला ठेवून केवळ स्पर्शाचे टप्पे घालून देतात, आणि ही पद्धतही मास्टर्स-जॉन्सन यांच्यापासूनच चालत आली आहे. तिचे मर्म हेच आहे: पुढे काहीही होणार नाही हे ठरलेले असल्यामुळे स्पर्शाला पुन्हा स्पर्श होण्याची मोकळीक मिळते.

तिऱ्हाईत

चर्चा चांगली चालली आहे, मात्र ती सारी अडथळ्यांभोवती फिरत असल्यामुळे थोडी कोरडी होत आहे असे वाटते. अडथळे दूर केले म्हणजे ओढ जागतेच असे नाही. ज्यांच्या घरात ताण नाही, वाद नाही, पुरेशी झोप आहे, अशीही जोडपी एकमेकांकडे फर्निचरकडे पाहावे तसे पाहताना दिसतात. त्यांचा ब्रेक दाबलेला नाही. त्यांच्यापुढे जाण्यासारखे काही उरलेले नाही.

माझ्या मते ओढ जागण्यासाठी जोडीदार आपल्यापासून वेगळा आहे, याची जाणीव व्हावी लागते. आपल्याला ठाऊक नसलेल्या विषयावर तो अनोळखी लोकांशी तन्मयतेने बोलत आहे, ती आपल्या कामात इतकी गढून गेली आहे की आपण दारात उभे आहोत हेही तिला कळलेले नाही, अशा वेळी क्षणभर आपण तिच्याकडे परक्याच्या नजरेने पाहतो, आणि नेमके तेव्हाच काहीतरी हलते. हे आकर्षण त्या व्यक्तीने आपल्यासाठी काही केल्यामुळे निर्माण झालेले नसते. ती आपल्यासाठी काहीच करत नव्हती, हेच त्याचे कारण असते. जोडीदाराला पूर्णपणे ओळखल्याचा समज हा ओढीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि तो बहुतेक वेळा केवळ समजच असतो.

आर्थर ॲरन आणि एलेन ॲरन यांची आत्मविस्ताराची कल्पनाही याच दिशेने जाते: माणूस अशा व्यक्तीकडे ओढला जातो, जिच्या सहवासात त्याचे जग मोठे होते. २००० मध्ये ॲरन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगात काही जोडप्यांचे मनगट आणि घोटा एकमेकांना बांधले आणि हातांचा वापर न करता एक उशी घेऊन त्यांना रांगत अडथळा पार करायला लावले. इतरांना संथ आणि कंटाळवाणे काम दिले. काही मिनिटांच्या त्या धांदलीनंतर पहिल्या गटातील जोडप्यांनी आपल्या नात्याविषयी अधिक समाधान नोंदवले. नंतरच्या काळात एमी म्यूज आणि सहकाऱ्यांनी दैनंदिनीच्या पद्धतीने अभ्यास केला, तेव्हा ज्या दिवशी जोडप्याने मिळून काही नवे अनुभवले त्या दिवशी इच्छाही अधिक असल्याचे दिसले. येथे बाहेरगावी जाण्याच्या सल्ल्याला थोडा न्याय द्यावा लागेल, फक्त श्रेय जागेला न देता नवखेपणाला द्यावे. तिथे जाऊन दोघेही आपापल्या फोनमध्ये डोके घालून बसणार असतील, तर गाव बदलल्याने काहीच बदलत नाही.

१९७४ मधील डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांचा झुलत्या पुलाचा प्रयोग अशा चर्चेत हमखास येतो, म्हणून त्याविषयी सावधगिरीचे दोन शब्द. कॅनडातील कॅपिलानो नदीवरचा सुमारे ७० मीटर उंचीवरील हलता पूल ओलांडताना एका तरुणीला भेटलेल्या पुरुषांनी, दुसऱ्या, भक्कम पुलावर तिला भेटलेल्या पुरुषांच्या तुलनेत, नंतर तिला कितीतरी अधिक संख्येने फोन केला. धडधडणाऱ्या छातीचे कारण भीती होते, पण ते आकर्षणाच्या नावावर जमा झाले, असा त्याचा अर्थ लावला गेला. तथापि त्या व्यक्ती एकमेकांना अपरिचित होत्या आणि नमुना लहान होता. वीस वर्षांच्या सहवासानंतर पाळण्यात बसून ओढ परत येईल, असा निष्कर्ष त्यावरून काढणे हास्यास्पद ठरेल.

सुमेधा

तिऱ्हाईत यांचे लेखन वाचायला सुंदर आहे, पण त्यात एक सोयीस्कर गाळलेली जागा आहे. दुरून, परक्याच्या नजरेने पाहण्याचे सुख त्यालाच मिळते, ज्याला पाहायला उसंत असते. ज्या व्यक्तीच्या डोक्यात उद्याची कामे, संपत आलेली औषधे, शाळेची सूचना, घरातील वृद्धांची तपासणी, हे सर्व एकाच वेळी चालू आहे, तिला जोडीदाराचे गूढ शोधायला फुरसत नाही. त्यातच तो जोडीदार "काय करायचे ते मला सांग, मी करतो" असे म्हणत असेल, तर तो मदतनीस न होता सांभाळावे लागणारे आणखी एक माणूस होतो. २०२२ मध्ये एमिली हॅरिस, आकी गोर्मेझानो आणि सारी व्हॅन ॲन्डर्स यांनी, पुरुष जोडीदार आणि मुले असलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरकामाची वाटणी जितकी असमान, तितकी इच्छा कमी, असा संबंध त्यात दिसला. आणि त्यामागे दोन दुवे होते: एक, वाटणी अन्याय्य असल्याची भावना, आणि दोन, जोडीदार आपल्यावर अवलंबून असल्याची भावना. हा सहसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेले नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला आपण आठवण करून दिल्याशिवाय दात घासायचेही सुचत नाही, त्याच्याविषयी मातृत्वाची भावना जागते, दुसरी कोणतीही जागत नाही, हे कळायला प्रयोगशाळेची गरज असू नये.

अंतराने ओढ जागते हे मला पूर्णपणे मान्य नाही. गुरित बिर्नबाउम आणि हॅरी रीस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० जोडप्यांनी सहा आठवडे रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. जोडीदार आपले खरेच ऐकतो, आपल्याला समजून घेतो, आपल्याला मोलाचे मानतो, असे ज्या दिवशी वाटले, त्या दिवशी इच्छा वाढलेली होती आणि हा परिणाम स्त्रियांमध्ये अधिक ठळक होता. येथे जवळीक ओढीला मारत नाही, ती तिला जन्म देते. माझा अंदाज असा आहे, की जोडपी ज्याला जवळीक म्हणतात ती अनेकदा केवळ सवय असते. एकाच खोलीत, एकाच पलंगावर, एकमेकांविषयी काहीही नवे न विचारता दहा वर्षे राहणे म्हणजे जवळ असणे नव्हे.

तिऱ्हाईत

सुमेधा, आपला पहिला मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र आपले म्हणणे आणि माझे म्हणणे परस्परविरोधी नाही. लक्षपूर्वक ऐकण्यासाठी समोरची व्यक्ती आपल्याला अजून पूर्ण कळलेली नाही, हे आधी मान्य करावे लागते. धागाकर्त्यांनी उल्लेखिलेली बॉमायस्टर यांची कल्पनाही येथेच येऊन मिळते: ज्या दिवशी जोडीदाराने खरोखर ऐकले, त्या दिवशी जवळीक किंचित का होईना वाढली, आणि ओढ त्या वाढीला प्रतिसाद देते.

रसपारखी

विषयांतर होत नसेल तर एक भर घालतो. भरतमुनींपासून चालत आलेल्या रसविचारात शृंगाराचा स्थायी भाव रती, आणि ती जागवणारे विभाव दोन प्रकारचे मानले आहेत: ज्या व्यक्तीविषयी भाव जागतो ती आलंबन, आणि त्या भावाला चेतवणारा ऋतू, चांदणे, सुगंध, एकांत हे उद्दीपन. वर ज्या सल्ल्यांची चेष्टा झाली ते सर्व उद्दीपनाचे सल्ले आहेत, आणि उद्दीपन चेतवते ते आलंबनाविषयी आधीच असलेल्या भावाला, हे जुन्या मंडळींना पक्के माहीत होते. शिवाय त्यांनी शृंगाराचे संभोग (मीलन) आणि विप्रलंभ (विरह) असे दोन भेद करून विरहालाही शृंगारातच जागा दिली. तिऱ्हाईत आणि सुमेधा यांचा वाद एका अर्थाने याच दोन भेदांमधला आहे, आणि परंपरेने त्यांपैकी एकालाही बाद केलेले नाही.

निदान

वैद्यकीय बाजू अजून कुणी मांडलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

इच्छा कमी होण्यामागे अनेकदा सरळ शारीरिक कारण असते. थायरॉईडचे कार्य मंदावणे, प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध तयार करवणारे संप्रेरक) वाढणे, टेस्टोस्टेरॉन लक्षणीय घटणे, दीर्घकालीन वेदना, मधुमेह आणि नैराश्य ही त्यांपैकी ठळक कारणे. नैराश्यावरील काही औषधे, विशेषतः सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचे पुनर्शोषण रोखणारी, स्वतःच इच्छा कमी करू शकतात. मात्र ती मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलून मात्रा किंवा औषध बदलता येते. स्तनपानाच्या काळात प्रोलॅक्टिन जास्त आणि इस्ट्रोजेन कमी असल्याने कोरडेपणा आणि वेदना होणे स्वाभाविक आहे, आणि रजोनिवृत्तीनंतरही असेच घडते. वेदना होत असतील तर इच्छा मागे हटणारच. तेथे नात्याचे विश्लेषण करण्याआधी वेदनेवर उपचार करावेत. झोपेचे महत्त्व तर फारच दुर्लक्षित आहे. २०१५ मधील १७१ तरुणींच्या एका अभ्यासात, एक तास अधिक झोप मिळाल्यास दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी लैंगिक जवळीक होण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती.

गोळ्यांविषयी गैरसमज फार आहेत. १९९८ मध्ये पुरुषांसाठी आलेले सिल्डेनाफिल (व्हायग्रा) रक्तप्रवाहावर काम करते. इच्छा नसेल तर ते ती निर्माण करत नाही. स्त्रियांसाठी २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लिबान्सेरिन मेंदूतील रसायनांवर काम करते, पण ते रोज घ्यावे लागते आणि त्याचा सरासरी परिणाम माफक आहे. शेवटी, कमी इच्छा म्हणजे आजार असे समीकरण मांडू नये. निदानाच्या निकषांनुसार ती अवस्था साधारण सहा महिने टिकलेली असावी लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या व्यक्तीला स्वतःला तिचा त्रास होत असावा लागतो. जोडीदाराला त्रास होतो, एवढे पुरेसे नाही.

मध्यान्ह (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. निदान यांच्या अखेरच्या वाक्यातून एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. बहुतेक जोडप्यांत दोघांची इच्छा सारखी नसते, आणि ज्याची कमी त्याच्या हाती निर्णय जातो. तो निर्णय त्याने मागितलेला नसतो, तरीही त्याला सत्ताधारी ठरवले जाते. आणि ज्याची इच्छा अधिक, त्याला सतत याचकाच्या भूमिकेत उभे राहावे लागते. दोघेही आपापल्या जागी अवघडलेले असतात.

संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जॉर्ज लोवेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६४ विवाहित जोडप्यांपैकी काहींना तीन महिने शरीरसंबंधांचे प्रमाण दुप्पट करण्यास सांगितले होते. त्यांचा आनंद वाढला नाही, उलट इच्छा आणि सुख दोन्ही थोडे घटले. सांगितले म्हणून केलेल्या गोष्टीतून ओढ कशी निघून जाते, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. पण म्हणून ओढ काळासोबत संपतेच, असेही मानण्याचे कारण नाही. बियान्का ॲसेव्हेडो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, सरासरी २१ वर्षांच्या विवाहानंतरही जोडीदारावर उत्कट प्रेम असल्याचे सांगणाऱ्या १७ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. जोडीदाराचे छायाचित्र पाहताना, नव्याने प्रेमात पडलेल्यांमध्ये कार्यरत होणारा बक्षिसाशी संबंधित भाग त्यांच्यातही कार्यरत झाला. हे लोक मुद्दाम निवडलेले होते, त्यामुळे असे कितीजणांना जमते हे त्यावरून सांगता येणार नाही. जमू शकते, इतकेच म्हणता येईल.

वेळ ठरवून भेटण्याविषयी माझे मत या चर्चेमुळे थोडे बदलले आहे. शरीरसंबंधासाठी वेळ ठरवणे मला अजूनही कृत्रिम वाटते, पण दोघांनीच असण्यासाठी, त्या वेळेत काय घडावे हे न ठरवता, वेळ राखून ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. तसे पाहिले तर सुरुवातीच्या काळातील भेटीही ठरवूनच होत असत, आणि तेव्हा कुणी त्यांना कृत्रिम म्हटले नव्हते.

रानवारा

मध्यान्ह यांनी मांडलेल्या याचक आणि सत्ताधारी या भूमिकांविषयी एवढेच लिहायचे आहे. म्यूज आणि सहकाऱ्यांच्याच २०१६ मधील अभ्यासानुसार, दीर्घकाळच्या नात्यातील पुरुष आपल्या जोडीदाराची इच्छा प्रत्यक्षात असते त्याहून कमी समजतात. त्यामागे नकाराची भीती असावी, असे संशोधकांना वाटते. म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर अनेकांनी स्वतःच देऊन टाकलेले असते, आणि दुसऱ्या बाजूला असलेली व्यक्ती "आता यांना मी नकोशी झाले आहे" असा अर्थ लावून गप्प बसलेली असते.

नकार कसा दिला जातो, यावरही बरेच अवलंबून आहे. पाठ फिरवून झोपेचे सोंग घेणे हा नकार आहे आणि "आज अंगात त्राण नाही, पण जवळ झोप, मला बरे वाटते" हाही नकारच आहे. पहिल्यानंतर विचारणारा पुढच्या वेळी विचारायला कचरतो. दुसऱ्यानंतर स्पर्श शिल्लक राहतो आणि अक्षरयात्री यांनी वर्णन केलेले ते खांद्याचे आखडणे टळते. अर्थात, "जवळ झोप" याचा अर्थ तेवढाच घेण्याची शिस्त विचारणाऱ्याकडे असली पाहिजे. ती एकदा मोडली तर पुढच्या वेळी पाठच दिसेल.